रावजीतात्यांचं अर्धं मिनिट

उदयसिंहअण्णांच्या मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओतून अर्धं मिनिट कापलं तर फरहानला काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. म्हणजे पुढे कुणी त्याला मूर्ख म्हणायला नको.

सगळ्यात वर खिडकी. फरहानचा व्हिडिओ मिक्सिंगचा स्टुडिओ सात रस्त्याजवळ अण्णांच्याच कॉम्प्लेक्सच्या तळघरात होता. तिथं दिवस उगवला की मावळला हे कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या घड्याळावरून कळायचं. एप्रिल-मेमध्ये एसी लागायचा तो मशीन तापू नये म्हणून. माणूस तापलेला चालत होता. वर, रस्त्याच्या तोंडाला, काचेचा दर्शनी गाळा रिकामा पडला होता. "पोरीचं लग्न निघू दे, मग तुला वर घेतो," असं अण्णा म्हणाले होते. खिडकीच्या खालोखाल काम: अण्णांना जिल्हा परिषदेचं तिकीट मिळालं की सभांचं शूटिंग कुणाकडं जाणार हे उघड होतं. आणि तळाला, अण्णांची मर्जी राहणार होती. हिला बाजारात भाव नाही, पण अण्णांच्या इमारतीत दुकान चालवायचं तर आधी तीच लागते.

आणि द्यायचं काय? काहीच नाही. दोन ठिकाणी कात्री, मध्ये झेंडूच्या तोरणाचा एक शॉट. अशा जागा बुजवण्यात फरहानचं आयुष्य गेलं होतं.

त्याच्या धंद्यात ती रीतच होती. लग्न उरकलं की घरची चार माणसं तळघरात येऊन खुर्च्या ओढून बसायची. याला तो 'कटिंगला बसणं' म्हणायचा. निळ्या साडीतली काढा, आमचं बोलणं बंद आहे तिच्याशी. जावयाच्या भावाचा नाच नको, तो शुद्धीत नव्हता. आत्याबाईंना ठेवा, पण जेवताना नको. लग्नाला बोलवायचं सगळ्यांना आणि व्हिडिओत ठेवायचं मोजक्यांना, हा खर्च वाचवण्याचा प्रकार नव्हे. अमका आपल्या लग्नात नव्हताच असं पुढं म्हणता यावं, ही सोय. आणि या सोयीला सोलापुरात सगळे बिनधास्त एकच शब्द वापरतात. "भाई, तेवढं सेन्सॉर करा की."

हा शब्द ऐकला की फरहानच्या वडिलांना, हुसेनसाबांना, हसू यायचं. ते जन्मभर एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्यांच्या लेखी सेन्सॉर म्हणजे पिक्चरच्या आधी पडद्यावर येणारा कागद, आणि रीळ मध्येच उडालं की पब्लिक ज्याच्या नावानं शिट्ट्या मारतं तो कुणीतरी इसम.

"तुकडा उड्या की पब्लिक अपने मन का जोड लेती थी," ते सांगायचे. "और असल से लंबा जोडती थी, बाबा."

"अब्बा, ये शादी का व्हिडिओ है, पिच्चर नहीं."

"शादी में तो और लंबा जोडेंगे."

फरहाननं ते म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

आता लग्नाकडं येऊ. अक्कलकोट रस्त्यावर, वळसंगच्या अलीकडं मोठं मंगल कार्यालय. यूट्यूबवर थेट दाखवायचं ठरलं होतं, पण तिथं रेंज मिळाली नाही. फक्त मांडवातल्या पडद्यावर दिसत होतं. उत्कर्षा, म्हणजे नवरी, हातात माळ घेऊन अंतरपाटाच्या एका बाजूला उभी. नवरदेव दुसऱ्या बाजूला. मधे भटजी, आणि सगळ्यांच्या वर मुहूर्त, जो केव्हाच टळला होता. कारण मुंबईचे साहेब यायचे होते. तिकीट साहेबांच्या हातात, त्यामुळं मंगलाष्टकंही साहेबांच्या हातात. निवेदक बिचारा आलेल्या पुढाऱ्यांची नावं पुन्हा पुन्हा वाचत होता. घसा बसला तेव्हा त्यानं वेळ काढायला माईक पुढं केला, "आता करकंबहून आलेले, अण्णांचे चुलते, आदरणीय रावजीतात्या आशीर्वाद देतील."

तात्या उठले. पटक्याचा शेव मागं टाकला, हात जोडले.

"मंडळी, मुहूर्त मगाशीच गेला. पोरगी सकाळधरनं उपाशी उबी हाय, हातातली माळ सुकाया लागली. आपुन ज्यांची वाट बगतोय त्या सायबांचं लगीन लई वर्सांमागं झालंय की! आज उत्कर्षाचं हाय. तवा भटजीबुवा, करा सुरू. सायेब आले तर जेवतील, न्हाय आले तर आमी जेवू."

पुढच्या रांगा हसून फुटल्या. भटजी हसले. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि सकाळपासून पुतळ्यासारखी उभी असलेली उत्कर्षा अशी हसली की मुंडावळ्या हलल्या. तेवढ्यात अण्णा धावत आले आणि त्यांनी चुलत्याच्या हातातून माईक हिसकावला.

बायकांच्या मुठीत अक्षता होत्या, पुरुषांचे फोन खिशात होते. मंगलाष्टकं लागली की बाहेर काढायचे म्हणून. तात्यांचं बोलणं कुणाच्याच फोनमध्ये आलं नाही. हिसकावणं मात्र एका पोराच्या फोनमध्ये आलं, शब्दांशिवाय, नुसता कल्ला.

लग्नानंतर अण्णा स्वतः कटिंगला बसले. एकटे. दार लावून.

"हे तात्याचं सेन्सॉर कर."

"अण्णा, साधा विनोद आहे. साहेबसुद्धा हसतील."

"तिकीट तुला पायजे का मला?"

फरहाननं कापलं. पण कापलेल्या जागेच्या पुढं मांडव हसत होता. मग ते हसणं काढलं. भटजी काढले. विहीणबाई काढल्या. शेवटी उत्कर्षा पडद्यावर आली, मान मागं टाकून हसणारी.

"ही कशाला हसती म्हणून विचारतील. काढ."

"अण्णा, अख्ख्या लग्नात ताई एवढंच हसल्यात. बाकी सगळीकडं पाय दुखतायत असा चेहरा आहे."

"लग्नात पोरीनं रडायचं असतं. काढ."

ते पण काढलं. फरहान मूळ शूटिंग वर्षभर सांभाळून ठेवायचा. मागाहून कुणाचा जावई रुसतो, कुणाची समजूत पटते, कापलेली माणसं परत जोडावी लागतात. पण अण्णा खुर्चीतून उठेनात. "मूळचं पण उडव. माझ्यासमोर." कॅमेऱ्याच्या कार्डातून उडालं, कॉम्प्युटरमधून उडालं, कपाटातल्या डिस्कमधून उडालं.

"कुठंच नाही आता?"

"कुठंच नाही."

"आईची शपथ?"

फरहाननं शपथ घेतली. अण्णा वर गेले. गाळ्याच्या किल्लीचं नाव त्यांनी काढलं नाही, फरहाननंही आठवण केली नाही. इतक्या लगेच मागणं बरं दिसत नाही.

मग ती माईक हिसकावण्याची मुकी क्लिप फिरायला लागली. करकंबच्या ग्रुपवर, श्रीपूरच्या ग्रुपवर, जिथं जिथं अण्णांचे पाहुणे आणि विरोधक होते तिथं, म्हणजे सगळीकडं. खाली एकच प्रश्न: म्हातारा असं काय बोलला?

उत्तरं यायला वेळ लागला नाही. ज्याचा बांधाचा वाद होता त्याच्या मते तात्यांनी वाटणीच्या जमिनीचं काढलं होतं. ज्याची पोरगी नांदत नव्हती तो सांगायचा, तात्या हुंड्यावर घसरले. श्रीपूरला कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत ठरलं की अण्णांचं बाहेर काहीतरी आहे आणि ते तात्यांनी नावानिशी सांगितलं. अक्कलकोटच्या बाजूला ती गोष्ट कानडीत गेली आणि परत मराठीत आली तेव्हा तात्यांनी साहेबांना आईवरून शिवी दिलेली होती.

मांडवात हजारभर माणसं होती, मग कुणी खरं का सांगितलं नाही? मागच्यांना भोंग्यात धड ऐकू आलं नव्हतं. पुढच्यांना अण्णांची धास्ती. आणि ज्या दोघाचौघांनी खरं सांगितलं त्यांना लोक म्हणाले, "चल रे, एवढ्याला कुणी चुलत्याच्या हातचा माईक ओढतंय व्हय?" त्यात लग्नाचा व्हिडिओ घरोघर पोचला. त्यात तात्या उठतात, पटका सावरतात, हात जोडतात, आणि झेंडूचं तोरण. झालं. झेंडूच्या तोरणानं लोकांची खात्री पटवली.

एके दुपारी तळघराच्या जिन्यावर शिवराज उतरला. हा तिकिटाचा दुसरा उमेदवार. माणूस हसतमुख, खुर्ची न विचारता घेणारा.

"फरहानभाई, कॉपी दे."

"नाही, मालक. डिलीट झाली."

"माझ्या मेव्हण्याचा नागीण डान्स अजून तुझ्या कपाटात आहे. तो सांभाळलास आणि ही उडवलीस?"

"अण्णांनी समोर बसून उडवायला लावली."

"म्हणजे एवढी भारी आहे!" शिवराजनं मांडीवर थाप मारली. "बघ, पार्क चौकाकडं माझा गाळा आहे. एक सोडून दोन खिडक्या. ऊन येतं बघ इतकं, की पडदे लावशील."

"नाही ओ माझ्याकडं. खरंच नाही."

"मी घाई करत नाही," असं म्हणून तो गेला. त्याची पांढरी गाडी कॉम्प्लेक्ससमोर चहा थंड होईपर्यंत उभी होती. वॉचमननं तेवढ्यात वर कळवलं. संध्याकाळी अण्णांचा फोन.

"शिवराज काय न्यायला आलता?"

"काही नाही अण्णा. मागायला आलता. नाही म्हणून सांगितलं."

"तुझ्याकडं नाही, तर मागायला कसा येतो?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. तुम्ही घरी शांत बसून करून बघा. नसलेली वस्तू नाही हे दाखवायचं कसं? कपाट उघडून दाखवलं तर म्हणतील दुसरं कपाट असेल. फरहाननं खरंच कपाट उघडून दाखवलं, अण्णांचा माणूस येऊन डिस्का घेऊन गेला, आणि त्यातली कोणती आणली नाही याचीच चर्चा झाली. बायको शबाना म्हणाली, "असेल तर देऊन टाका ना कुणालातरी एकाला." म्हणजे घरात पण विश्वास नाही.

असं चाललेलं असताना साहेबांच्या कानावर आईवरची शिवी गेली. अण्णांना मुंबईचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. अण्णा जिना उतरून आले ते घामेजलेले.

"फरहान, ती क्लिप काढ."

"कुठली?"

"तात्याची. साहेबांना दाखवायची आहे. अरे साधा विनोद आहे तो, त्यात शिवी कुठं आहे? स्वतःच्या कानानं ऐकतील, विषय संपेल."

"अण्णा, तुमच्यासमोर उडवली की."

अण्णा हसले. इतकं गोड ते कधी हसले नव्हते. "मी काय पोलीस आहे का? ठेवली असशील एखादी कॉपी. ठेवली असशील तर लई चांगलं केलंस. मी रागवत नाही. वरच्या गाळ्याची किल्ली खिशातच आहे बघ."

त्यांनी खरंच किल्ली काढून टेबलावर ठेवली. खिडकी टेबलावर होती. ती उचलायला फक्त त्या दिवशी अण्णांशी खोटं वागलेलं असायला हवं होतं, आणि फरहान नेमका त्याच एका वेळी खरं वागून बसला होता.

"नाही हो अण्णा. आईची शपथ घातली होती तुम्ही."

अण्णांनी किल्ली उचलली. कार्ड आणि डिस्क घेऊन दोघं पुण्याला गेले, उडालेलं परत काढून देणाऱ्याकडं. त्यानं बरंच काही काढून दिलं. पण फरहाननं त्याच कार्डावर आणि डिस्कवर नंतर दुसरं काम केलं होतं. रावजीतात्यांच्या अर्ध्या मिनिटाच्या जागी वळसंगच्या कुणा वच्छलाची हळद निघाली, ढोलताशासकट.

मग अण्णांना तोडगा सुचला. परत शूटिंग! तोच पटका, तेच शब्द, मागं तसलाच पडदा लावायचा. फरहानला कॅमेऱ्यासकट गाडीत घालून ते करकंबला गेले. रावजीतात्या अंगणात शेंगा फोडत बसले होते. लग्नानंतर पुतण्या पहिल्यांदाच दारात आला होता.

"तात्या, त्या दिवशी जे बोललात ते परत एकदा बोला. कॅमेऱ्यापुढं."

"आता बोलू व्हय? तवा तर वडून घेतलास."

"चुकलं माझं. आता बोला."

तात्यांनी टरफलं झटकली. कॅमेऱ्याकडं बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. "मंडळी, मुहूर्त..." आणि थांबले. अण्णा हातानं पुढं, पुढं असं करत होते.

"आरं उदय," तात्या हळूच म्हणाले, "खरं सांगू का? मला आटवंना. बाजारात रोज कोन न कोन सांगतंय, तात्या, तुमी आसं बोल्लात, तात्या, तुमी तसं बोल्लात. इतकं ऐकलं की त्यातलंच कायतरी बोल्लो आसंन आसं मलाबी वाटाया लागलंय. सायबाला शिवी दिली का मी?"

"नाही दिली!"

"तुला काय म्हाईत? तू ऐकत व्हतास का, पळत व्हतास?" मग ते फरहानकडं वळले. "पोरा, तू ऐकलंस की बारकाईनं. सांग, काय बोल्लो मी?"

कापायचं तर कापणाऱ्यालाच सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागतं. फरहाननं अथपासून इतिपर्यंत सांगितलं, पटक्याच्या शेवापासून जेवणापर्यंत, तात्यांच्याच बोलीत. तात्या खुदकन हसले. "ब्येस बोल्लो की रं मी!"

पण कॅमेरा लावला की ते परत 'मुहूर्त'च्या पुढं जाईनात. अण्णा आता फरहानकडं बघत होते, जसं बुडणारा माणूस ओंडक्याकडं बघतो. "हे तू साहेबांना सांगायचं," ते म्हणाले.

साहेब दौऱ्यावर सोलापुरात आले त्या सकाळी फरहान त्यांच्यासमोर उभा राहिला. खोली थंड, खिडक्या मोठाल्या. अण्णा एका कोपऱ्यात, शिवराज दुसऱ्या कोपऱ्यात पेपर चाळत. फरहाननं परत तेच सांगितलं, शब्द न् शब्द. साहेब शेवटपर्यंत ऐकून मोकळेपणी हसले.

"एवढंच?"

"एवढंच साहेब."

"म्हातारा हुशार आहे. बरोबर बोलला, मला उशीर झालाच होता." चहाचा घोट घेतला. "मग कापलं का?"

फरहाननं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी जमिनीकडं.

"एवढ्याशासाठी कुणी मूळ शूटिंग नष्ट करत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "आणि हा अण्णांच्याच इमारतीत असतो ना?"

"तळघरात," शिवराजनं पेपरातून मान न काढता माहिती पुरवली.

"हं. पाठ छान केलंय." साहेबांनी कप ठेवला. "बघू."

बघू म्हणजे काय ते आठवड्यानं यादी लागली तेव्हा कळलं. शिवराज.

त्याच सुमाराला उत्कर्षा माहेरी आली होती. ती तळघरात उतरली, इकडंतिकडं बघत उभी राहिली. सासरी सगळ्यांनी व्हिडिओ दोनदा लावून पाहिला होता आणि सासूबाईंनी मनात काहीतरी पक्कं केलं होतं.

"फरहानभाई, मी हसले होते ना?"

"हसला होता ताई. मुंडावळ्या हलल्या होत्या."

"मग जरा सांगता का सासूबाईंना? त्यांना वाटतं माझ्या मनाविरुद्ध झालं." तिनं फोन लावून त्याच्या हातात दिला.

"अहो, विहीणबाई, ताई फार हसल्या होत्या," फरहान म्हणाला. "तुम्ही पण हसला होता. पदर लावला होता तोंडाला."

विहीणबाईंना बहुतेक स्वतःचं हसणं आठवतही असावं. पण व्हिडिओत ते नव्हतं. "तुम्ही माहेरचेच ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही असंच सांगणार."

उत्कर्षानं फोन घेतला, पर्समध्ये टाकला, आणि जिन्यातून जाताना एकदाच मागं वळून विचारलं, "कशी दिसत होते हो?"

"चांगल्या दिसत होता, ताई," एवढंच त्याला सुचलं.

अण्णांनी फरहानला काढलं नाही. वरचा गाळाही दिला नाही. "तू हितंच ऱ्हा," ते म्हणाले, "डोळ्यासमोर." त्यांना अजून वाटतं, कॉपी आहे, आणि ती कुठल्यातरी निवडणुकीत बाहेर येणार. शिवराजला पण तेच वाटतं, फक्त त्याला आता गरज नाही. दोन खिडक्यांच्या गाळ्यात फरहान गेला तर अख्खं सोलापूर म्हणेल, विकली. आहे तिथंच बसला तर म्हणेल, दडवली. घरी हुसेनसाब विचारतात, "असल तुकडा कित्ता था रे?" फरहान सांगतो, "आधा मिनट." आणि दोघं जेवायला लागतात.

तर या अर्ध्या मिनिटापायी कुणी काय भरलं, बघू. शिवराजनं काही दिलं नाही, त्याला तिकीट मिळालं. साहेबांना उशीर झाला होता, तो त्यांच्या नावावर कुणी मोजला नाही. अण्णांचं तिकीट गेलं, पण ते हातात आलेलंच नव्हतं. रावजीतात्यांचं एक बरं वाक्य गेलं. करकंबच्या बाजारात ते आता विचारेल त्याला हवं ते बोललो म्हणून कबूल करतात. उत्कर्षाचं हसू गेलं, आणि त्याची वसुली तिच्याकडून सासरी रोज थोडी थोडी चालू आहे. राहिला फरहान. तळघरात बसून तो नवीन लग्नांची शूटिंगं सांभाळून ठेवतो, एकही उडवत नाही, कपाट भरून गेलं तरी. वरच्या गाळ्याची काच वॉचमन दर सोमवारी पुसतो. ती खिडकी फरहानच्या नावावर जमेला मांडली होती. ती तशीच मांडलेली आहे, आणि भरलं मात्र त्यानंच.